कोसळणाऱ्या ताऱ्याचे गणित
माझ्या सासूबाई सुंदराबाई, त्यांची सून मी कौसल्या, माझी सून मनोरमा: तिघींचीही पाटी लग्नाने हिरावली. नात शकू आज गिरगावच्या विज्ञानसभेत कोसळणाऱ्या ताऱ्यावर बोलणार होती. तो स्वतःच्याच भाराने इतका आवळतो, की प्रकाशही सुटत नाही, आणि केंद्रापाशी घनता अनंत होते. अध्यक्ष प्राध्यापक वामनने तिचे नाव खोडले. मी शकूची गणिताची वही घेऊन त्याचे घर गाठले. “काकू, अनंत आले, म्हणजे पोरीचे गणित चुकले.” “संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात सरकारकडे कारणे मागतोस, आणि इथे न तपासताच निकाल देतोस? विद्यार्थी असताना चार वर्षे माझ्याकडे वार लावून जेवलास. चूक दाखव!” तो तिच्या वहीवर वाकला. तासाभराने म्हणाला, “चूक नाही. आपले नियमच तिथे संपतात. शकूच बोलेल.” “अन्नाचे ऋण फिटले,” मी म्हणाले आणि चहा न घेताच उठले.