डावखुऱ्याचा रंधा

दुकानदाराने रंधा मुद्दाम मधल्या फळीवर ठेवला होता, दोन गंजक्या करवती आणि एक बिनदांड्याचा हातोडा यांच्या सोबतीला. विकायला आलेल्या मालासारखाच दिसत होता तो. सकाळी मिस्त्रींच्या बायकोने पिशवीत घालून आणून दिला होता.

घरी हा डाव साधला नव्हता. तिथे रंधा पुढ्यात ठेवला, तर मिस्त्री त्याच्यावर चहाचा कप ठेवायचे. पण जुन्या हत्यारांच्या या दुकानात पाऊल टाकलं, की माणूस निम्मा तरी जागा व्हायचा. उभ्या जन्मात त्यांनी सुतारकामाची हत्यारं इथूनच एकेक पारखून नेली होती.

उद्या सकाळी मुलगी गाडी घेऊन येणार होती. आठवण गेलेल्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत बापासाठी खाट मिळाली होती. "एकदा त्यांना स्वतःचा रंधा ओळखू दे, मग काय ते बोल," असं आईने बजावलं होतं. "आई, ते तुला ओळखत नाहीत. लाकडाला काय ओळखणार?" मुलगी म्हणाली होती. खोटं बोलली नव्हती, म्हणून तर जास्त लागलं.

"बाई, जरा सरकता का? उजेड अडतोय," मिस्त्री बायकोला म्हणाले.

ती सरकली.

त्यांनी एक नवी कोरी पटाशी उचलली, पात्यावर नख मारून कानाशी नेली आणि तोंड वाकडं करून परत ठेवली. "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. शेठ, हिने लोणी कापा तुम्ही."

"मग जुन्यातलं बघा ना, मिस्त्री," दुकानदार म्हणाला. त्याला अगदी सहज बोलायचं होतं, पण बिचाऱ्याला नाटक जमत नव्हतं. बोलता बोलता त्याने मिस्त्रींच्या बायकोकडे पाहिलंच.

मिस्त्रींचा हात करवतींवरून पुढे गेला, हातोडा ओलांडून गेला आणि रंध्यावर थांबला. तिने पिशवीचे बंद घट्ट आवळून धरले.

त्यांनी रंधा उलटा केला. तळावरून बोट फिरवलं, पाचर सैल केली, पातं बाहेर काढून उजेडात धरलं. शर्टाची गुंडी लावायलाही या माणसाला कोणीतरी लागतं, हे त्या वेळी कोणाला सांगून खरं वाटलं नसतं.

"वा!" ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी हा शब्द त्यांच्या तोंडून आला होता. "शेठ, हे कुठे मिळालं तुम्हाला? पातं बघा. मूळचं वीतभर असणार. घासून घासून चार बोटं उरलंय, पण धार कुठे तिरकी गेलेली नाही. आणि हे बघा, तोंडाशी तळ झिजला, तर कठीण लाकडाचा तुकडा बसवलाय. दाखवा बरं सांधा कुठे आहे ते!"

"दिसत नाही," दुकानदार म्हणाला. खरंच दिसत नव्हता.

"दिसणारच नाही. याला काम म्हणतात." त्यांनी रंधा डाव्या हातात धरला. बाजूच्या लाकडाला वर्षानुवर्षं धरून धरून एक खळगा पडला होता. डब्यावर झाकण बसावं तसा त्यांचा अंगठा त्यात जाऊन बसला. ते खूश झाले. "डावखुरा दिसतोय गडी. माझ्यासारखाच."

दुकानदार मुद्दाम दुसरीकडे बघू लागला. तिला मात्र राहवलं नाही. मधे बोलायचं नाही असं ठरलेलं असताना ती बोललीच.

"नीट बघा ना. कोणाचा असेल हा?"

मिस्त्री विचारात पडले. उगाच नाही, मनापासून. डोळे बारीक करून त्यांनी रंधा पुन्हा सगळ्या बाजूंनी पाहिला. किती वेळ गेला कोण जाणे.

"कोणाचा ते कसं सांगू, बाई? एवढं मात्र सांगतो, तो माणूस आता नाही."

"असं का म्हणता?"

"असं हत्यार कोणी जिवंतपणी विकत नाही."

दुकानदाराने फडकं घेतलं आणि आधीच पुसलेली पटाशी पुसायला लागला. मिस्त्रींचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. ते थोडे ओशाळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या ओळखीतले होते का?"

"हो," ती म्हणाली. "ओळखीतले होते."

"हाताचे चांगले असणार. माणूस म्हणून कसे होते?"

"चिडके होते." तिने रंध्याकडे पाहिलं. "चांगले होते."

मिस्त्रींनी मान हलवली. पातं जागेवर बसवलं, पाचर ठोकली आणि रंधा दोन्ही हातांनी तिच्या हातात दिला. "शेठ, हा विकायचा नाही. यांना घेऊन जाऊ दे. घरात राहू दे त्यांच्या."

तिने तो घेतला. दुसरं काय करणार होती? लाकूड त्यांच्या हाताने कोमट झालं होतं.

मिस्त्री दाराशी जाऊन उभे राहिले. रस्त्याच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. मग ते वळले आणि दुकानदाराला हळूच म्हणाले, "आमची ही अजून कशी आली नाही हो? मला न्यायला येते ती. एवढा उशीर कधी करत नाही."