पायरीवरच्या चपला

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि नागपुरातली एक जुनी दगडी बँक समोर आणा. उंच खांब, सागवानी जिना, वर घुमट. बँक नव्या जागी गेली होती. वारसा समितीची माणसं आली, त्यांनी खांब मोजले, घुमटाचे फोटो काढले आणि ही इमारत जपायची असं ठरवून गेली. त्या संध्याकाळी चौकीदार देवराव दाराला शेवटचं कुलूप लावायला निघाला. सोबत त्याची नात विशाखा होती.

"आबाजी, थांबा. आत कोणी तरी आहे."

"कोणी नाही वं. आत्ताच पाहून आलो."

"मग या चपला कोणाच्या?"

पायरीवर टायरच्या तळाच्या जुन्या चपला होत्या. टोकं दाराकडे होती.

देवरावने तिकडे पाहिलंच नाही. "पहिले कुहीकडच्या खेड्यातले लोकं इथं चपला काढूनच आत जात. देवळावानी वाटे त्यायले. या दोनदा फेकल्या मी. पुन्हा इथंच येऊन राहिल्या."

"मग ज्याच्या चपला, तो आतच असन ना. कुलूप लावलं तर घरी कसा जाईन?"

देवरावचा किल्लीवरचा हात थांबला.

विशाखाने चपला उचलल्या आणि टोकं रस्त्याकडे करून ठेवल्या. मग दार थोडं उघडून तिने आत हाक दिली, "बाबाजी, बँक बंद झाली. चला घरी."

आणि ती पायरीवरून बाजूला सरकली, बाहेर येणाऱ्या माणसाला वाट द्यावी तशी.