दुसरा अर्ज

मागेच तर घ्यायचाय अर्ज, त्यासाठी एवढं नटायचं कशाला, असं सासरे चिडवायचे. वहिनी मात्र दर वेळी नीटनेटकी तयार होऊनच जायची. आजही तिने केस सारखे केले, चष्मा पुसला आणि गाडीची किल्ली उचलली.

अख्खं गाव तिला वहिनीच म्हणायचं, मुलाच्या वयाची पोरंसुद्धा. घराण्याची रीत सरळ होती. घरातल्या पुरुषाने निवडणुकीचा अर्ज भरायचा आणि पाठोपाठ वहिनीने दुसरा, डमी. पहिला अर्ज बाद झाला किंवा मागे घ्यावा लागला, तर पक्षाचं चिन्ह दुसऱ्याला मिळतं आणि जागा घरातच राहते. छाननी सुरळीत पार पडली की वहिनीने आपला अर्ज गुपचूप काढून घ्यायचा. आधी सासऱ्यांसाठी आणि मग नवऱ्यासाठी ती हेच करत आली. नवरा, म्हणजे गावाचे साहेब, गेल्या वर्षी वारले. आता त्यांच्या जागी मुलगा उभा होता. "मी या घराची स्टेपनी," असं ती सांगायची आणि ऐकणारे खो खो हसायचे.

मुलगा चलाख होता. कॉलेजची निवडणूक, मग नगरपरिषद, मग पक्षाच्या तरुण आघाडीचं अध्यक्षपद. लोक जिना चढतात, हा लिफ्टने वर चालला होता. भाषणाला उभा राहिला की मागच्या रांगेतल्या गप्पा बंद पडायच्या. चौकाचौकांत 'धाकटे साहेब' म्हणून त्याचे फलक झळकत होते. समोर उमेदवार एकच, पोल्ट्रीवाला. तो या घराकडून इतक्यांदा आपटला होता, की त्याच्या कोंबड्यासुद्धा त्याला मत देणार नाहीत, असं लोक म्हणायचे.

काळजीचं काहीच नव्हतं. तरी या वेळी वहिनीचं मन थाऱ्यावर नव्हतं.

त्याला कारण वकील. साहेबांचा जुना सोबती. छाननी झाली त्या संध्याकाळी तो चार कार्यकर्ते घेऊन थेट स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, अर्ज मागे घेऊ नका, अपक्ष लढा. धाकट्याचं भाषण ऐकायला लोक जातात, पण दवाखान्यात खाट मिळवायला तुमच्याकडे येतात. वहिनीने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पण तो बोलला त्यात खोटं काय होतं? साहेब असतानाही सकाळी बाहेरच्या खोलीत बसून लोकांचं ऐकायची ती. कुठला पूल कुणाच्या टेबलावर अडकलाय, हे तिला पाठ असायचं. तिला ती खुर्ची हवी होती. अगदी जीव तुटेल इतकी हवी होती, आणि आजवर तिने याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

परवा जेवताना मुलाने मध्येच विचारलं, "आई, तुला कधी उभं राहावंसं वाटलं नाही?"

"मला काय करायचंय?"

"खरं सांग."

"या वयात मी कुठे नाचू? जेव गुमान."

तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग जेवायला लागला. झाकली मूठ झाकलेलीच राहिली म्हणून तिला बरं वाटलं.

आज अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस, आणि सकाळीच तो पक्षाच्या बैठकीसाठी मोठ्या शहरात निघाला. निघताना दारात घुटमळला. म्हणाला, घाई करू नकोस, दुपारनंतर सावकाश जा. ती म्हणाली, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी अर्ज मागे घेतेय, मला शिकवू नकोस.

पण तो गेल्यावर तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोराच्या कानावर वकिलाचं प्रकरण गेलेलं दिसतंय. आई आपल्याविरुद्ध उभी राहील या भीतीने बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागलाय, आणि वरून सावकाश जा म्हणतोय. आई काय ओळखत नाही पोराला? तिने दुपारची वाट बघितलीच नाही.

अर्ज दोन ठिकाणी मागे घेता यायचा, मोठ्या शहरातल्या मुख्य कचेरीत नाहीतर गावातल्या सहायक अधिकाऱ्याकडे. वहिनी नेहमीसारखी गावातल्या कचेरीत गेली. व्हरांड्यात वकील आशेने उभा होता. आतली अधिकारी बाई नवीन होती. तिने खुर्ची दिली आणि नियम सांगितला, "एकदा मागे घेतला की झालं. मग माझ्याही हातात काही नसतं."

वहिनीने पेन हातात धरलं. काहीच करायचं नव्हतं. नुसतं उठून घरी जायचं, बाकी सगळं आपोआप झालं असतं. ती जिंकलीही असती, याची तिला खात्री होती. पण पोटच्या पोराला पाडून मिळालेल्या खुर्चीत तिला बसता आलं असतं का? तिने सही ठोकली.

आणि गंमत म्हणजे तिला एकदम मोकळं वाटलं. मनातलं ओझं उतरलं. बाहेर येऊन तिने वकिलाला झापलं, चेहरा काय पाडलाय, पोल्ट्रीवाल्याचं डिपॉझिट जप्त करायचंय, कामाला लागा. वकीलही शेवटी हसला. ती गाडीत बसली, तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता. त्याला हसू आवरत नव्हतं.

"आई, निघाली नाहीस ना? नको निघू. मी मुख्य कचेरीतून बोलतोय. बैठक वगैरे काही नव्हती. तुला नीट खोटं बोलता येत नाही, त्या दिवशी जेवतानाच कळलं मला. आधी सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, म्हणून न सांगताच माझा अर्ज मागे घेऊन टाकला. चिन्ह आता तुझं. रिंगणात राहिलात दोघंच, तू आणि पोल्ट्रीवाला."