एकशे त्रेचाळीस नोंदी

"तू कोण आहेस ते आधी सांग," असं कॉम्प्युटरने विचारलं आणि चांगदेव पाटलांचं डोकंच फिरलं.

प्रश्न इंग्रजीत होता. त्यांच्या सुनेने, रुचिकाने, तो मोठ्याने मराठीत सांगितला, ही तिची चूक. शेलार गावात आजवर चांगदेवना हे विचारायची कुणाची टाप नव्हती. तीन वेळा सरपंच झालेला माणूस. गावातल्या बाकड्यांवर, बसथांब्यावर, स्मशानातल्या नळावरसुद्धा त्यांचं नाव होतं.

"बाबा, ते तुम्हाला नाही, मला विचारतंय," रुचिका म्हणाली. "याला गिट म्हणतात. फुकट मिळतं. मी प्रोग्रॅममध्ये जो बदल करेन तो हे जपून ठेवतं. कुणी केला, तेही लिहून ठेवतं."

कुठला ट्रक गोदामाच्या कुठल्या दाराला लावायचा, हे सांगणारा प्रोग्रॅम ती लिहीत होती. दोनदा तो तिच्याच हातून पुसला गेला होता. म्हणून हा सगळा खटाटोप.

"गोदाम कोनाचं?" चांगदेवनी विचारलं.

"तुमचं."

"लॅपटॉप कोनी घेतला?"

"तुम्हीच."

"मंग नाव कोनाचं टाकशील?"

लग्नाला दोनच वर्षं झाली होती. एवढ्याशा नावावरून सासऱ्याशी कुठे वाद घालायचा? रुचिकाने लिहिलं, 'मा. चांगदेव पाटील, माजी सरपंच'. मग गिटने ईमेल मागितला. "माजा मोबाइल नंबर टाक," चांगदेव म्हणाले. गिटने तोही मुकाट्याने घेतला.

त्या दिवसापासून रुचिका दुपारी घरचं आवरून कामाला बसायची. काही जमलं की नोंद करायची. चांगदेव संध्याकाळी चष्मा लावून यायचे. "आज किती येला आलं माजं नाव?" सात वेळा, ती सांगायची. नाक्यावर पोहोचेपर्यंत सातचे सतरा व्हायचे. लोकांना यातलं काही कळत नव्हतं, पण आकडा वाढतोय म्हटल्यावर अभिनंदन करणं भागच होतं. नोंदी एकशे त्रेचाळीस झाल्या तेव्हा दारासमोर फ्लेक्स लागला. 'संगणकात १४३ नोंदी केल्याबद्दल मा. चांगदेव पाटील यांचे हार्दिक अभिनंदन!' फोटोत चांगदेव काळा गॉगल लावून, मिटलेल्या लॅपटॉपवर हात ठेवून उभे होते. त्या दिवशी पेढे वाटले गेले. रुचिकानेही एक खाल्ला.

तिचं लक्ष दुसरीकडे होतं. प्रोग्रॅम पुरा झाला होता आणि तिने तो सगळाच्या सगळा, नोंदींसकट, ठाण्याच्या एका कंपनीला पाठवला होता. नोकरीसाठी. लग्नाआधीपासून तिला ती नोकरी हवी होती. कॉम्प्युटर शिकून ती ट्रकवाल्यांचा चहाच उकळत बसली होती.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'या कामावर आपलं नाव कुठेही नाही. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून पाठवणाऱ्यांना आम्ही घेत नाही.'

रुचिकाला तिथेच रडू कोसळलं. आवाज ऐकून सासूबाई, जानकीबाई, धावत आल्या. मागोमाग चांगदेव आले. त्या घरात पहिल्यांदाच ती सासऱ्यासमोर मान वर करून बोलली. "बाबा, माझ्या कामावर माझं नावच नाही."

"माजं हाय ना," चांगदेव समजुतीने म्हणाले. "घरातलंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओटीवर गावातल्या चार जणांबरोबर बसले होते. जानकीबाई आणि रुचिका चहा घेऊन आल्या. तेवढ्यात चांगदेवांचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल होता. त्यांनी फोन इतका जवळ धरला की पलीकडच्या बाईंना त्यांची नुसती मिशी दिसली.

"नमस्कार पाटील सर, मी ठाण्याहून दिपिका बोलतेय. तुमचा नंबर तुमच्या नोंदींत मिळाला. काम फार सुंदर आहे हो! सगळं तुम्ही एकट्याने लिहिलंत? आमच्या कंपनीत याल का? म्हणाल ते पद देऊ."

चारही जण उठून उभे राहिले. एकाने तर हात मिळवायला पुढे केला. चांगदेवांची छाती फुगली. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला ठाण्याची कंपनी सर म्हणत होती. रुचिका ट्रे धरून थिजली. आता ते हो म्हणणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती.

"पद बगू," चांगदेव ऐटीत म्हणाले. "आमच्या सूनबायनं पन अर्ज केलेला ना तुमच्याकडं?"

"त्या तुमच्या सूनबाई?" दिपिका मॅडम जरा घुटमळल्या. "वाईट वाटून घेऊ नका सर, पण तुमचं काम त्यांनी स्वतःचं म्हणून पाठवलं. खोटं बोलणारी माणसं आम्हाला चालत नाहीत."

खोटं हा शब्द चारचौघांत मोठ्याने उमटला. चांगदेवनी रुचिकाकडे पाहिलं. मग ते उठले. ट्रे तिच्या हातातून काढून त्यांनी जानकीबाईंकडे दिला आणि फोन रुचिकासमोर धरला.

"हिला बगा नीट. ही खोटं बोलत न्हाय. एकशे तिरेचालीसच्या एकशे तिरेचालीस हिनंच लिवल्यात. मना त्यो लॅपटॉप उघडतापन येत न्हाय."

पुढे केलेला हात त्या माणसाने हळूच खिशात घातला. फोनमध्ये दिपिका मॅडम गोंधळून गेल्या.

"अहो, पण मग प्रत्येक नोंदीवर नाव तुमचं कसं?"

चांगदेवनी घसा खाकरला.

"मॅडम," ते म्हणाले, "आमच्याकडं काम करनाऱ्याचं नाव लावायची पद्धत न्हाय."