दरीकडं वळणारा ट्रायपॉड

धनश्रीला लग्नांच्या शूटिंगसाठी मजबूत ट्रायपॉड हवा होता, पण नवा परवडेना. म्हणून तिनं धारूरच्या बायनाबाईंकडून त्यांच्या फोटोग्राफर नवऱ्याचा जुना घेतला आणि तपासायला लगेच किल्ल्यावर नेला. कॅमेरा दरवाजाकडं लावला, की तो हळूहळू दरीकडं वळायचा. स्क्रू कितीही आवळला तरी तेच.

ती परत बायनाबाईंच्या दारात आली.

"काकू, ह्याचं डोकं ढिलं हाय. सारखं दरीकडं फिरतंय."

बायनाबाईंनी पाखडायचं सूप बाजूला ठेवलं.

"दरीत नेमकं कुठं?"

"खालच्या बाभळींकडं. कावून?"

त्यांनी घाईघाईनं पायांत चपला सरकवल्या.

"चल, दाव मला. वरीस झालं, किल्ल्यावर नुसता हा स्टँडच सापडलता. हे अजून सापडले न्हाईत."