परक्या ढोलावर

रंभाबाई भुकूम गावातल्या आपल्या घरासमोर अंगणात शेंगा फोडत होत्या, आणि वरच्या खोलीत भाडेकरू पियूषने रेकॉर्ड लावली. अमरावतीहून नोकरीला आलेलं हे पोरगं रविवार उजाडला की असलं काहीबाही लावायचंच. आज मात्र आधी ढोल आले, मग सॅक्सोफोन, आणि मागोमाग पुष्कळ बायाबाप्ये एकच शब्द आळवू लागले.

"काय रं हे?" रंभाबाईंनी खालून विचारलं.

"काकू, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा अल्बम आहे. ढोल आफ्रिकेतले. देवाचंच आहे, पण त्यांच्या देवाचं."

रंभाबाई हसल्या. हसता हसता त्यांच्या पोटऱ्या थरथरल्या, सूप कलंडलं, अंबाडा सुटला. त्या घुमू लागल्या.

मुलाने, किशोरने, निम्मं रान बिल्डरला दिलं तेव्हापासून देवी त्यांच्या अंगात आली नव्हती. जत्रेत ढोलवाल्यांचे हात सोलून निघाले, तरी नाही. आणि उद्या पौडला उरलेल्या रानाचं खरेदीखत व्हायचं होतं. रंभाबाईंना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

शेजारची उषा हळदीकुंकू घेऊन धावत आली. "आली गं बाई, आली! किशोरभावजी, आदी पाया पडा!"

किशोर फोन खिशात कोंबत बाहेर आला. एवढा दांडगा गडी, पण पायांवर डोकं ठेवलं आणि त्याला हुंदका फुटला.

तेवढ्यात रेकॉर्डची बाजू संपली. वर नुसती खरखर राहिली, आणि अंगातलं सगळं सरकन उतरून गेलं. रंभाबाईंचे गुडघे दुखू लागले. सांडलेल्या शेंगा दिसू लागल्या. आली होती ती आपलीच होती की त्या लोकांची, तेही त्यांना कळेना. त्या मनातून पार घाबरल्या.

"आई," किशोर तसाच पायांवर डोकं ठेवून देवीला विचारत होता, "उरलेलं रान देऊ का? तू म्हणशील तसं करतो."

रंभाबाईंनी डोळे घट्ट मिटले. केस तोंडावर ओढले आणि आपणहून घुमायला सुरुवात केली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "न्हाई द्यायचं."

आवाज जाड काढायचा होता, पण निघाला तो रोजचाच. किशोरने मान वर केली.

रंभाबाईंनी डोळे उघडले नाहीत.