जोडाक्षर

अर्पिता बाभुळगावात ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं केंद्र चालवायची. सोमवारी दुपारी तांड्यावरची शीला राठोड तीन महिन्यांची पोर घेऊन आली. पोरीच्या जन्मदाखल्यावर नाव चढवायचं होतं. पोर आल्यापासून सारखी रडत होती.

"नाव ज्योत्स्ना टाका, ताई," शीला म्हणाली.

अर्पितानं नाव टाईप केलं. शेवटचं जोडाक्षर उमटताच स्क्रीन निळा झाला आणि कॉम्प्युटर बंद पडला. तिनं दुरुस्तीवाल्या ऋतिकला फोन लावला.

"सिस्टीममधेच खोट हाय ते," तो म्हणाला. "एखादं जोडाक्षर टाकलं का मशीन बसते. कोणाच्याही हातानं बसते. सुरू करून पुन्हा टाकून पाहा."

फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, पोरही गप्प झाली होती. तिनं बटण दाबलं. मशीन सुरू झालं, तशी पोर पुन्हा रडू लागली.

तिनं पुन्हा नाव टाईप केलं, पण या वेळी नजर पोरीवर ठेवली. मशीन बंद पडलं आणि त्याच क्षणी रडणं तोंड उघडं असतानाच थांबलं. पोरीचं पोट वरखाली होईना.

अर्पितानं घाईघाईनं बटण दाबलं. मशीन सुरू झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं. डोक्यावर पंखा फिरत होता, म्हणजे लाईट होती.

"अहो, पोरीकडे पाहा!" ती ओरडली.

शीलानं मान वळवली नाही. ती काळ्या स्क्रीनकडेच पाहत होती.

"तिले काही नाही झालं," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही फक्त मशीन सुरू करा. मागच्या केंद्रात लय वेळ लागला होता."